गुप्तधनाचा मोडी कागद : एक फेरतपासणी

ज्या कागदाविषयी हा लेख आहे, तो खोटा आहे हे मला पहिल्यांदा ओळखता आले नाही. उलट माझ्याच अंगणात, पंधरा-वीस माणसांसमोर, मी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. पुढे जे घडले त्यात त्या वाचनाचा वाटा होता, म्हणून सुरुवात या कबुलीनेच करतो.

नोटबंदीच्या आदल्या वर्षाची दिवाळी होऊन गेली होती. आमच्या देवरी भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडया भरतात, रात्री झाडीपट्टीची नाटके होतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धे गाव दुपारपर्यंत झोपलेले असते. शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी मी नागपूरला मोडी लिपीचा वर्ग पुरा केला होता. प्रमाणपत्राची शाई वाळायची होती. मोडी वाचता येणारा माणूस आपल्या गावात आहे ही बातमी मीच चार ठिकाणी सांगितली होती, हेही लपवत नाही. अशाच एका दुपारी चुलतभावाचा मुलगा चार-पाच जणांना घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या आत वर्तमानपत्रात, त्याच्या आत एक तपकिरी कागद.

"काका, एवढं वाचून देता का जी?"

अकरा ओळी होत्या. वर श्री. खाली शके १७४०, वैशाख. मजकूर असा की, नागपूरकर आप्पासाहेब महाराजांचा खजिना, मोहरांचे सात हंडे आणि जवाहिराचे दोन, इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून जिल्हा भंडारा, मौजे देवरीपासून मोठ्या सडकेने इतके कोस जाऊन, डाव्या हाती मोहाचे झाड, तेथून उभा दगड, दगडाच्या सावलीत पुरला आहे. (किती कोस ते इथे मुद्दाम लिहीत नाही. कुदळी अजून गंजलेल्या नाहीत.)

वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एकाने विचारले, "गुरुजी, मोडी खरी आहे ना?"

"अगदी खरी मोडी आहे," मी म्हणालो.

मी लिपीबद्दल बोलत होतो. ऐकणाऱ्यांनी खजिन्याबद्दल ऐकले. दुसऱ्या दिवशी देवरीच्या चौकात त्या कागदाच्या झेरॉक्स निघाल्या, आठवड्याभरात त्याचा फोटो मोबाइलवर फिरू लागला आणि प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य होते : गुरुजींनी वाचून खरा असल्याचे सांगितले आहे.

आज तो मूळ कागद माझ्याकडे आहे. तो परत कसा आला ते पुढे सांगतो. आधी, जे काम मी त्या दुपारी करायला हवे होते ते करतो.

कागदापासूनच सुरुवात करू. भोसलेकालीन कागद हातकागद असतो. उजेडासमोर धरला तर त्यात चाळणीच्या बारीक रेघा दिसतात, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला असतो. काजळीची शाई त्यावर बसते, आत फारशी उतरत नाही. बोरूने लिहिलेले अक्षर कुठे जाड, कुठे बारीक होते. माझ्याकडच्या कागदात चाळणीची रेघ नाही. शाई पाठीमागे फुटली आहे आणि फुटली तिथे तिच्या कडेला निळसर छटा आहे. सगळी अक्षरे एकाच जाडीची आहेत. तपकिरी रंग कडांना गडद आणि घडीत फिकट आहे. जुना कागद घडीवर आधी काळवंडतो आणि झिजतो. चहाच्या पाण्यात भिजवलेला कागद मात्र नेमका असा, उलटा रंगतो. हा प्रयोग मी घरी करून पाहिला. दोन कप चहा आणि एक दुपार पुरते.

लिपीकडे येतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवत जाई. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती; कुठे शब्द संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकाराचा भेदही मोडीत सहसा पाळत नसत. आमच्या कागदात प्रत्येक शब्द सुटा आहे आणि वेलांट्या-उकार पाठ्यपुस्तकासारखे शुद्ध आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याने मजकूर आधी बाळबोध मराठीत तयार केला आणि नंतर तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर मोडीत बदलले. तो तक्ता मला ओळखू येतो. वर्गात शिकताना आम्हीही तोच गिरवत होतो. त्या दुपारी मला तो कागद इतका सरसर वाचता आला याचे कारण हेच होते. खऱ्या दप्तरातला कागद समोर आला की आजही मी ओळीला दहा मिनिटे घेतो. जे इतके सोपे गेले त्याचा संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

तारखेत नुसता शक आहे. त्या काळच्या दरबारी पत्रात बहुधा सुहूर किंवा फसली सन आणि चांद्र महिन्याची अरबी तारीख येते, शेवटी मोर्तब असते. यातले काहीच नाही. पण खरा घोटाळा भूगोलात आहे. १८१८ च्या वैशाखात 'जिल्हा भंडारा' हा शब्दप्रयोग कोण करणार? वैनगंगेच्या या बाजूच्या मुलखाचे मुख्य ठाणे तेव्हा लांजी होते. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती कारभार गेल्यानंतर, १८२० च्या आसपास, तो मान भंडाऱ्याकडे आला. आपला गोंदिया जिल्हा १९९९ चा. लिहिणाऱ्याला एवढे ठाऊक होते की जुन्या कागदात 'गोंदिया' नको, म्हणून तो एक पायरी मागे गेला आणि भंडाऱ्यावर थांबला. आणखी एक पायरी जायला हवी होती. तीच गत मोठ्या सडकेची. नागपूरहून साकोली, देवरी करत रायपूरकडे जाणारा हा रस्ता, ज्यावरून आज रात्रंदिवस ट्रक धावतात, तो ग्रेट ईस्टर्न रोड म्हणून इंग्रजांनी बांधला तो १८६० नंतर. त्याआधी इथे बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या आणि गाड्यांच्या वाटा होत्या. १८१८ साली खजिना पुरणाऱ्याने चाळीस-पन्नास वर्षांनी होणाऱ्या रस्त्याची खूण लिहून ठेवली, हे मान्य करायचे तर मग त्याला भविष्यही कळत होते असे मानावे लागेल.

कागद खोटा म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, असे मला एका मित्राने बजावले. त्याचे म्हणणे रास्त आहे. खऱ्या खजिन्यावर कोणी खोटा कागद रचू शकतो. म्हणून आप्पासाहेबांकडेच वळू.

मुधोजी भोसले ऊर्फ आप्पासाहेब सीताबर्डीच्या लढाईत, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, हरले. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना कैद केले आणि मे महिन्यात अलाहाबादकडे रवाना केले. वाटेत, जबलपूरच्या बाजूला, १३ मेच्या रात्री ते पहाऱ्यातून निसटले. तिथून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला, पुढे अशीरगड, पुढे पंजाब आणि शेवटी जोधपूर. तिथेच १८४० मध्ये त्यांचा अंत झाला. हा सारा प्रवास नागपूरच्या उत्तरेचा आहे. देवरी पूर्वेला. वैशाख शके १७४० म्हणजे ढोबळमानाने तोच मे महिना, हे कागद रचणाऱ्याला माहीत होते. कुठल्या तरी पुस्तकातून त्याने तेवढे उचलले. पण त्या महिन्यात महाराज आधी कैदी होते आणि नंतर फरारी. नऊ हंडे हलवण्याचा हुकूम ते कोणाला आणि कुठून देणार होते?

तरी गोष्टीला एक खुंटी आहे, ती नाकारत नाही. कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्या वर्षी आप्पासाहेबांचा पक्ष घेऊन उठला आणि कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने त्याचे ठाणे जिंकले. कामठा गोंदियाजवळच. म्हणजे महाराजांसाठी लढणारी माणसे आमच्याच मुलखात होती. कोणतीही चांगली दंतकथा अशाच एखाद्या खऱ्या खुंटीला टांगलेली असते. चिमणा पटेलाची लढाई मात्र या भागातल्या तरुणांना फारशी ठाऊक नाही, हंडे सगळ्यांना ठाऊक आहेत.

हंड्यांचा हिशेब मी एका रात्री मांडला. पाण्याचा साधा हंडा वीस लिटरचा धरू. मोहरा आत सुट्या टाकल्या तर मध्ये फटी राहतात. निम्म्याहून थोडी जास्त जागा सोन्याने भरेल. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड. म्हणजे एका हंड्याचे वजन दोनशे किलोंच्या वर जाते आणि त्यात अकरा ग्रॅमच्या सुमारे वीस हजार मोहरा बसतात. सात हंड्यांत एक लाख चाळीस हजार. एका मोहरेचे पंधरा रुपये धरले तर एकवीस लाख रुपये. तेव्हाच्या नागपूर राज्याच्या वर्षभराच्या वसुलाचा हा मोठा हिस्सा झाला. एवढी रक्कम नाहीशी झाली असती तर ती शोधण्यात सर्वांत जास्त स्वारस्य जेंकिन्सला होते. तिसरे रघुजी अल्पवयीन असताना आठ वर्षे राज्याचा सगळा हिशेब त्याच्या हाताखाली होता. या मुलखावरचा त्याचा १८२७ चा अहवाल आजही अभ्यासक वापरतात. शिवाय मोठा पैसा तेव्हा गाड्यांवर लादून हलवत नसत. सावकाराच्या पेढीवर हुंडी लिहिली की रक्कम नागपुरात भरून काशीत मिळे. दोनशे किलोंचा हंडा पितळी कानांना धरून उचलणारा गडी मला तरी माहीत नाही.

मग भोसल्यांची दौलत गेली कुठे? याचे उत्तर जमिनीखाली नाही आणि ते गुप्तही नाही. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. वृद्ध बांकाबाई आणि इतर राण्या विरोध करत राहिल्या. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. उजेडात, याद्या करून, बोली लावून खजिना गेला. त्याचे तुकडे अजून निघतात. २९ एप्रिल २०२५ ला लंडनच्या सॉदबीज लिलावगृहात पहिल्या रघुजींची तलवार विक्रीला आली. पात्याच्या पाठीवर त्यांचे नाव देवनागरीत सोन्यात कोरलेले. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती बातमी दूरदर्शनवर पाहताना चुलतभाऊ माझ्या शेजारी बसला होता. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे ते लंडनला होतं तर."

अशा कागदांचा एक स्वभाव मला नंतर लक्षात आला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी १८८५ मध्ये एक पुस्तिका निघाली. बील नावाच्या माणसाने तिकडच्या डोंगरात सोने-चांदी पुरले आणि तीन सांकेतिक कागद मागे ठेवले, अशी ती हकीकत. तिन्हींपैकी एकच उलगडला आहे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांना क्रमांक देऊन. त्यात सोने किती, चांदी किती याची यादी आहे. जागा सांगणारा कागद आजतागायत कोणाला सुटलेला नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोक तिथे खणत आले. मग भाषेच्या जाणकारांनी दाखवले की १८२२ ची म्हणून छापलेल्या बीलच्या पत्रात असा शब्द आहे, जो त्या साली इंग्रजीत रुळलेलाच नव्हता. त्यांचा तो शब्द आणि आमची ती सडक ही एकाच जातीची चूक. पुस्तिकेची किंमत होती पन्नास सेंट, आणि त्या प्रकरणातून निश्चितपणे कोणाच्या हाती आलेला पैसा एवढाच.

आकडा स्वच्छ, जागा धूसर. आमच्या कागदातही हंडे मोजून नऊ, आणि खूण काय? मोहाचे झाड. देवरी तालुक्यात मोहाचे झाड ही खूण म्हणजे मुंबईत 'माणसांची गर्दी' ही खूण.

उत्तर प्रदेशात तर कागदाचीही गरज पडली नाही. उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा इथे, १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या राजा राव रामबक्ष सिंहांच्या पडक्या किल्ल्याखाली एक हजार टन सोने असल्याचे स्वप्न एका साधूला पडले आणि १८ ऑक्टोबर २०१३ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खरोखर खणायला घेतले. कॅमेरे आले, चहाच्या टपऱ्या लागल्या. रिझर्व्ह बँकेकडे त्या वर्षी सारे मिळून सुमारे ५५७ टन सोने होते. एका तालुकदाराकडे त्याच्या जवळपास दुप्पट असल्याचा दावा देशभर गंभीरपणे चर्चिला जात होता. खापरे, बांगड्यांचे तुकडे असे काहीबाही निघाले आणि काही दिवसांत काम थांबले. त्या खापरांकडे कोणी पाहिले नाही. खऱ्या अर्थाने तेवढेच तिथे सापडले होते.

धन कधीच सापडत नाही असे मात्र नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाची चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी एकाच ठिकाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. कोणी कोणाला हरवले याचा एवढा रोखठोक पुरावा दुसरा नाही. वाशिमकडच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या हलक्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. वा. वि. मिराशींनी तो वाचला आणि पुराणांना माहीत नसलेले राजे, कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, इतिहासात आले. सराफाने त्या नाण्यांना भंगाराचा भाव दिला असता. या दोन्ही ठेव्यांना राखणदार नाग नव्हता, बीजक नव्हते, कोणाला स्वप्न पडले नव्हते. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आमच्याही बाजूच्या लोकांनी घरात पुरले असेल. चुलीजवळ, उंबऱ्याखाली, एखाद्या लोट्यात, आपल्या आयुष्याची कमाई. पण परत येऊन स्वतःच काढायचे असेल तर माणूस नकाशा काढत नाही. नकाशा काढला तर तो चोराच्या उपयोगाचा.

असे काही सापडले तर काय करायचे हे १८७८ च्या निखात निधी कायद्यात लिहिलेले आहे. दहा रुपयांवरील ऐवज असेल तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. मालक नसल्याचे ठरले आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, चौथा जमीनमालकाला. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घ्यावा. लपवले तर वाटा बुडतो आणि वर्षापर्यंत कैद. ज्याला खात्री आहे की धन आहे, त्याच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. पण गुप्तधनाच्या मागे लागलेल्या एकाही माणसाने मला या कायद्याबद्दल विचारले नाही. सगळे विचारतात ते पायाळू माणूस कुठे मिळेल ते.

कारण कागद ही फक्त पहिली पायरी असते. माझ्या पुतण्याच्या बाबतीत कागदापाठोपाठ एक मांत्रिक आला. त्याने अंजन लावून हंडे 'पाहिले'. मग राखणदार निघाला. त्याची शांती आली. मग पायाळू हवा झाला, मग काळी हळद, मग वीस नखांचे कासव, मग जमिनीखालचे धातू दाखवणारे मशीन, तेही भाड्याने, रोजाच्या हिशेबाने. प्रत्येक वेळी धन एक हात खाली राहिले. पुतण्याने दोन एकर धानाच्या बांध्या विकल्या. चुलतभाऊ तेव्हा माझ्याशी बोलेनासा झाला होता. तो म्हणे, "तूच वाचलं होतंस ना?" याला उत्तर नव्हते.

मला खरी भीती बसली ती कोंबड्या-बोकडांच्या पुढची भाषा कानावर आली तेव्हा. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि बायकांचे जे खून झाले, त्यांमागे पिंपळाखालच्या धनाची समजूत होती हे आमच्या पिढीला विसरता येत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा शब्दशः उल्लेख आहे, तो उगाच नाही. मी त्या कायद्याची प्रत घेऊन पुतण्याकडे गेलो आणि दारातच बसलो. तो आत घेत नव्हता. सातव्या की आठव्या खेपेला त्याने दार उघडले. मांत्रिक त्याआधीच मशीनसकट निघून गेला होता. मूळ कागद पुतण्याने माझ्या हातात ठेवला. "जाळा नाही तर काही करा," म्हणाला. मी जाळला नाही.

पण तोवर दगड पडला होता.

कागदात 'उभा दगड' होता आणि आमच्याकडे उभे दगड पुष्कळ आहेत. विदर्भात अशा दगडांकडे फार पूर्वीपासून कुदळी वळलेल्या आहेत. काही जाणत्या हातांच्या, बऱ्याचशा अजाण. मिशनरी स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेला. अशा वर्तुळांत पुढच्या शंभर वर्षांत पद्धतशीर उत्खनने झाली आणि लोखंडी हत्यारे, मातीची भांडी, घोड्याचे लगाम निघाले. आमच्याकडचे सगळे दगड मात्र तितके जुने नाहीत. गोंड कुटुंबांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले दगड आहेत, आणि ज्यांनी उभे केले त्यांची नातवंडे-पतवंडे त्याच गावात नांदतात. पुतण्याच्या टोळीने रात्री जो दगड उपटला तो असा होता. खाली चार हात खड्डा, माती आणि मुरूम.

त्या कुटुंबातली एक म्हातारी अजून होती. मी तिच्याकडे माफी मागायला गेलो. माफीचे तिने मनावर घेतले नाही. धनाचे ऐकून मात्र हसली. म्हणाली, "धन कायचं जी? आमच्या गोष्टीत भुयारात माणसं कोंडली होती. सोनं नाही."

ती कचारगडाबद्दल बोलत होती. सालेकसा तालुक्यातली ती प्रचंड गुहा; माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंडसमाज लोटतो. शंभूने कली कंकालीच्या मुलांना त्या गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले, ही कोया पुनेमातली कथा. हिस्लॉपने गोंडांकडून लिंगोची जी गाथा टिपून घेतली होती आणि जी त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली, तिच्यातही महादेवाने गुहेत कोंडलेले गोंड आहेत आणि त्यांना सोडवणारा लिंगो आहे. शिळा बाजूला सारली तर आतून आपली माणसे बाहेर येतात, ही त्या कथेची अपेक्षा. आम्ही शिळा उलथतो ती हंड्यासाठी.

म्हातारीने मग मला एकच प्रश्न विचारला. दगड पुन्हा लावायचा आहे. त्याचे तोंड कोणीकडे होते?

तिला दिसत नव्हते. मुलगा नागपूरला कामाला, त्याला आठवेना. शेजाऱ्यांत दोन मते पडली. मी देवरीत जन्म काढला, त्या वाटेने शेकडो वेळा गेलो, त्याच गावातल्या मुलांना इतिहास शिकवला. माझ्याकडे त्या दगडाचा एक फोटो नव्हता, वहीत एक ओळ नव्हती. खोट्या कागदाच्या अकरा ओळी मला आजही तोंडपाठ आहेत.

शेवटी पावसाळ्याआधी एका सकाळी आठ जणांनी मिळून दगड उभा केला. पुतण्या पहारीला लागला होता. तोंड उगवतीकडे केले, अंदाजाने. म्हातारीने हात फिरवून पाहिले आणि ती काही बोलली नाही. मी त्या वेळी पहिल्यांदा टेप लावला : उंची जमिनीच्या वर चार फूट सात इंच, रुंदी एक फूट दोन इंच, वरच्या बाजूला डावीकडे एक जुना टवका, पायथ्याशी पहारीचे तीन नवे घाव.

परवा याच अंकासाठी हा लेख लिहीत असताना शेजारच्या तालुक्यातून दोन तरुण आले होते. मोबाइलवर एका ताम्रपटाचा फोटो होता. "गुरुजी, हे तुम्हीच वाचता म्हणतात."

मी त्यांना आधी विचारले, हा सापडला कुठे, कोणाच्या जमिनीत, आणि मूळ पत्रा आता कोणाकडे आहे. ते एकमेकांकडे पाहू लागले. चहा घेऊन गेले.